सातव्या दिवसाचं पाणी

५ ऑगस्ट १९६३

निषेध! घोर निषेध! आमच्या चहाच्या पेल्यात आज पुन्हा साक्षात नाईल अवतरली. तळाशी बोटभर लाल गाळ! नब्राला म्हटलं, गाळ बसावा म्हणून रांजणाला आतून बदामाची बी घासायची, ते विसरलीस. पतिव्रता उत्तरली, "मास्तर, तुमच्या वर्गातल्या पोरांपेक्षा माझा गाळ लवकर खाली बसतो. धीर धरा."

१२ ऑगस्ट

नदीनं उघड्या टाकलेल्या चिखलात नब्रानं चवळी टोचली. काठीनं भोक, भोकात दाणा, वर टाच — झाली शेती! पुढचं नदी बघून घेते.

दुपारी टपालाची बोट. जावई कैरोत आचारी. त्यानं साखर, साबण आणि सुक्कारासाठी "जप" एवढा एकाक्षरी नाही तरी द्व्यक्षरी उपदेश पाठवलाय. सुक्कारा आमची एकुलती एक. हल्ली दारातून आधी तिचं पोट येतं, मग ती. सुईण फन्नाआत्या पलीकडच्या काठावर. आम्ही गच्चीवरून चादर हलवायची, की म्हातारी होडी वल्हवत हजर! "या गावातलं एक पोर माझ्याआधी पोचलेलं नाही," म्हणते.

३० ऑगस्ट

धरण होणार, गाव बुडणार, म्हणून सरकारी माणूस घरं मोजायला आला.

"दार कुणीकडे? पूर्वेला की पश्चिमेला?"

सगळा गाव एका सुरात — "नदीकडे!"

"बरं, मागची भिंत?"

"नदीकडे पाठ करून!"

बिचाऱ्यानं टोपी काढून घाम पुसला. गाव सोडायची आमची पाळी हिवाळ्यानंतर, म्हणाला. सुक्काराचं बाळंतपण नोव्हेंबरात. म्हणजे सातव्या दिवशी बाळाला नदीवर नेणं, तोंड धुणं, नदीच्या तळाशी राहणाऱ्या, न दिसणाऱ्या मंडळींना लापशी देणं — सगळं इथंच, यथासांग. वेळच वेळ आहे.

१९ सप्टेंबर

सरकारनं आमच्यासाठी बांधलेलं नवं गाव पाहून आलो. बोटीतून उतरायच्या आत मंडळींनी घेरलं.

"घरं?" — पक्की, रांगेत.

"नळ?" — आहे.

"इस्पितळ?" — आहे.

"आणि नदी कुठल्या बाजूला?" फन्नाआत्या.

"लांब आहे. दिसत नाही."

हशा! आत्या तर वल्ह्यावर रेलून हसली. "मास्तर, तू मागच्या दारानं बघितलं असशील रे!"

मीही हसलो. नदीवाचून गाव असतं, हे कुणाला पटवायचं कसं?

२ ऑक्टोबर

आमची पाळी अलीकडे ओढली. याच महिन्याच्या अखेरीस बोट. पलीकडचा काठ, म्हणजे फन्नाआत्याही, मात्र हिवाळ्यानंतरच.

नब्रा ढिम्म हलली नाही. "हंडा भरून नेऊ. पाण्यातली मंडळी समजूतदार असतात. मास्तरांसारखी नाहीत." मीही सुक्काराला ठणकावून सांगितलं, काही अडणार नाही.

४ ऑक्टोबर

पाण्याचं मला काही वाटत नाही. इस्पितळ आहे म्हणालो, तेही खोटं नव्हे. भिंती आहेत, खाटा आहेत. डॉक्टर कुठे विचारलं, तर "येईल" म्हणाले. हे घरी बोललो नाही.

आज फन्नाआत्यानं सुक्काराचं पोट चाचपलं. मूल आडवं आहे.

मला भीती वाटते.