आईचं वर्ष

दादा,

वहिनी माहेरून येईपर्यंत तुले एकट्याले राहावं लागेल. दूध तापवून ठेवलं आहे. किल्ली शेजारच्या काकूंजवळ दिली.

सकाळी मी रजिस्ट्री ऑफिसात गेली होती. आईनं तिवस्याचं वावर बक्षीसपत्रानं मले लिहून दिलं, त्याले आठ महिने उलटून गेले. आता दंड भरूनही त्या कागदाची नोंद होत नाही, म्हणे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं सही केली, तवा ती चालती-फिरती होती. तू म्हणाला, पितृपक्ष येऊन राहिला, दिवाळीनंतर पाहू. मग पौष लागला, अन् त्यातच आई गेली. तवा तू म्हणाला, आईचं वर्ष होऊ दे, वर्षाच्या आत असे व्यवहार करत नाहीत. मी मुकाट ऐकलं.

आज रजिस्ट्री ऑफिसातून मी तलाठ्याकडे गेली. वावरावर एकट्या तुह्या नावाची वारस नोंद झाली आहे. त्याचा अर्ज तेरवीच्या दुसऱ्याच दिवशीचा आहे. आईले पोरगी आहे, हे त्यात लिहिलंच नाही. काहून, दादा?

मी अमरावतीले वकिलाकडे चालली. कोर्टाची नोटीस येईल, ती परत पाठवू नको.

आईचं वर्ष म्हणून पाडव्यालेही मी या घरात गोड केलं नाही. आज पुरणपोळ्या करून डब्यात ठेवल्या आहेत. तू खा. तुहं वर्ष तेरवीलेच संपलं.

मंदा