उलट्या होडीत हात वर करू नये

बेळगाव, मंगळवार, २४ नोव्हेंबर १९३६

तीर्थस्वरूप तवनाप्पा मामांच्या चरणी जावई धनपालचा सप्तांग नमस्कार. आठवे अंग, म्हणजे उजवा खांदा, बुधवारपासून जागचे हलत नाही; म्हणून मजकूर माझा आणि अक्षर आपल्या कन्येचे. (कंसातला मजकूर मात्र माझा, आप्पा. – शालन) आपला दमा कसा आहे? सासूबाईंचे गुडघे?

आपल्याला स्मरत असेल, निपाणीच्या सभेत मुलींच्या व्यायामशाळेसाठी मी पंचांकडे रिकामी खोली मागितली. दीड तास बोललो. (दोन तास दहा मिनिटे.) आपण पंचांचे प्रमुख, एवढेच म्हणालात, "जावईबापू, तोंडाचा व्यायाम लई झाला. कायतरी करून दाखवा आणि खोली घ्या." सभा हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि मी गरजलो की, २९ तारखेच्या रविवारी तिथल्या वेदगंगा नदीत कयाक उलटी करून, आत बसूनच पुन्हा सुलटी करीन. न जमल्यास खोलीचे नाव काढणार नाही.

कयाक ही बर्फाळ मुलखातली एकट्याची अरुंद होडी. तिच्याविषयी मी तीन ग्रंथ वाचले होते. (पोहण्याविषयी एकही नाही.) इथल्या कॅम्पातल्या एका गोऱ्या डॉक्टरांनी आपली होडी आणि नावाडी रवळू, दोन्ही इथल्या मार्कंडेय नदीच्या डोहावर धाडून दिले. त्या होडीत माणूस कमरेपर्यंत कोंबला जातो. उलटली की आपण पाण्याखाली लोंबतो. वर यायचे ते कमरेच्या हिसक्याने. कोपरे अंगालगत, आणि डोके सर्वांत शेवटी. बावीस वर्षे व्यासपीठावर उभा राहिलेला माणूस डोके शेवटी काढील कसा? पाण्याखाली जाताच माझा उजवा हात सवयीने डोक्यावर उंच गेला. (तिकडे चिखल होता.) रवळू ओरडत होता, "मास्तर, कोपार फासळीला लावा! हात लांब गेला की खांदा गेला! भाषाण वर आल्यावर करा की!" सातव्या खेपेस मी सगळे वजन त्या लांब हातावर टाकले आणि खांद्यात कट् झाले. डॉक्टर म्हणतात, महिनाभर हात छातीच्या वर नेऊ नये. हात न उगारता मी बोलणार काय? (घर लई निवांत आहे.)

आपला,
धनपाल

ता. क. खोलीचा प्रश्न तत्त्वाचा आहे, तेव्हा माघार नाही. फक्त नदीला पाणी कमी आहे असे सांगून आपण रविवार महिनाभर पुढे ढकलावा. खोटे बोलणे मला मान्य नाही, म्हणून आपण सांगावे.

आणखी ता. क. (हे त्यांना वाचून दाखवलेलं नाही.) आप्पा, कायबी ढकलू नका. काठावर बसून बघून बघून मीच होडीत बसले. रवळू म्हणाला, "आक्का, जोर कमरेचा." जात्यावर खांद्यानं दळतंय व्हय कोण? काल नऊ वेळा उलटले, नऊ वेळा वर आले. खांदा ठणठणीत. तुम्ही करून दाखवा म्हणाला होता. कुणी करून दाखवायचं, ते म्हणाला नव्हता. रविवारी येताना खोलीची किल्ली घेऊन या.