कठड्यावरची चिमणी

प्रिय आई,

तुझ्या पाया पडते. मी खुशाल आहे, अंगठ्याची जखमही भरत आलीय. तुझा गुडघा कसा आहे? मलम लावतेस ना, की डबी तशीच फळीवर?

ज्या चर्चची वेदी बाबांनी कोरली, तिथंच मला दुरुस्तीचं काम मिळालंय. सकाळच्या मिस्सेच्या प्रार्थनेला रंगीत काचांतून ऊन उतरतं, धुपाच्या धुरात वेदीवरचे द्राक्षवेल हलल्यासारखे वाटतात आणि लॅटिन गाणं थेट छताला जाऊन भिडतं. रडू येतं गं. बाबा प्रत्येक कामाच्या कोपऱ्यात चिमणी कोरायचे, ती मात्र इथं नाही. त्या वेळच्या ठेकेदारानं ती तासून टाकली आणि तिथं स्वतःच्या नावाची पितळी पाटी ठोकली.

तो दर रविवारी येतो. फादरच्या हातून जिभेवर ख्रिस्तशरीराची भाकर घ्यायला वेदीपुढच्या लाकडी कठड्याशी, ठरलेल्या एकाच जागी गुडघे टेकतो. कठडा दुरुस्त करताना मी तिथंच बाबांची चिमणी कोरली, बरोब्बर त्याच्या नाकासमोर.

काल त्यानं गुडघे टेकले, मान खाली घातली आणि चिमणी पाहिली. फादर पुढ्यात येऊन उभे राहिले तरी त्याची दातखीळ उघडेना.

तू म्हणशील, क्षमा कर. करीन, पण आधी त्याला बाबांपुढे चार रविवार वाकू दे.

मिस्सा संपल्यावर फादरनी विचारलं, "चिमणी सुंदर आहे. कुठून सुचली?"

मी म्हटलं, "ठेकेदारसाहेबांना विचारा ना. त्यांनी ती आधी पाहिलीय."

तुझी हट्टी,
धाकटी