बोळातलं दार

रायपूर,
१४ सप्टेंबर २००३

प्रिय शर्मिष्ठा,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. चार पानं भरून लिहिलंस, ऑफिसचं, खोलीतल्या मैत्रिणींचं, पुण्यातल्या रिक्षावाल्यांचं. आणि अगदी शेवटी, सहीच्या वर, एकच प्रश्न: मार्चमध्ये आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पैसे पाठवले होते, तरी ती अजून करून का घेत नाही, जरा विचारून कळव. मला कुणाला विचारायची गरज नाही. उत्तर मला माहीत आहे. पण ते एका ओळीत लिहायला बसले की पेन अडतो. पाच दिवस अडलेला आहे. म्हणून आज पहिल्यापासून लिहिते. तू मधली पानं सोडून शेवटाकडे जाऊ नकोस, एवढं कर.

आपली गल्ली आता काँक्रीटची झाली, हे तुला माहीत आहे. ती कशी झाली ते माहीत नाही. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, मोठे रस्ते रातोरात रुंद झाले, दुभाजकावर झाडं लागली. आपल्या पाऱ्यात, या जुन्या वस्तीत, मात्र पावसाळ्यात सायकल खांद्यावर घ्यावी लागायची. सदर बाजारातून रिक्षा केली तर रिक्षावाला नाक्यावरच उतरवून द्यायचा. मी तेव्हा नुकतीच बी.ए. झाले होते आणि मला वाटायचं, राजधानी म्हणजे मंत्र्यांच्या गाड्या जातात तो रस्ता नव्हे, आमच्या दारापुढचा चिखल जाईल तेव्हा ती खरी. हसू नकोस. मी हे नगर निगमच्या ऑफिसात साहेबांसमोर बोलले होते. ते म्हणाले, योजना आहे, अर्धा खर्च आमचा, अर्धा घरमालकांचा, ज्याच्या घराची रुंदी जितके फूट तितके पैसे, फुटाला साठ रुपये. यादी करून आणा. यादी करायला मला सहा महिने लागले.

पहिली बैठक आमच्या ओट्यावर झाली. बाबांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः पायरीवर बसले. रेल्वेच्या वर्कशॉपात तीस वर्षं घालवलेला माणूस, घरात पहिल्यांदा कुणी ग्रॅज्युएट झालं म्हणून पायरीवर बसला होता. आणि समोर बंडूभाऊ उभे. "काहून वो पोट्टी, आता राजधानी झाली नं? मंग सरकारले सांग नं! रस्त्याचे पैसे आमी काहून द्याचे?" इंदूमावशी सगळ्यालाच "हव, हव" म्हणायच्या आणि उठताना म्हणायच्या, "देते नं बाई, आधी बंडूले देऊ दे." मग भांडण निघालं कोपऱ्यावरच्या घरांचं, त्यांची कोणती बाजू मोजायची. नियम मी सुचवला. ज्या बाजूला दार, ती बाजू मोजायची. नुसत्या भिंतीचे पैसे नाहीत. सगळ्यांना पटला. वहीच्या पहिल्या पानावर मी तो लिहिला आणि खाली सह्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी बंडूभाऊंच्या बाजूच्या दारात कूलर बसलेला! डिसेंबरच्या थंडीत कूलर! "दार कुठी हाये? हे तं खिडकी हाये," म्हणाले. मी कूलरच्या मागे हात घालून कडी वाजवून दाखवली. अख्खी गल्ली हसली, आणि बंडूभाऊंनी दोन्ही बाजूंचे पैसे कबूल केले. त्या दिवशी मला वाटलं, मी या गल्लीची कोणीतरी आहे.

आता जे लिहिते ते तुला कधी सांगितलेलं नाही. लहानपणापासून मला तुझा हेवा वाटतो. तू एक वर्ष पुढे, म्हणून तुझी पुस्तकं वर्षभरानं माझ्याकडे यायची. पहिल्या पानावर तुझं नाव असायचं, त्याखाली मी माझं लिहायचे. तुझं खोडायचं धाडस कधी झालं नाही. तुमचं घर नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनचं, आम्ही वर्ध्याहून बदलीवर आलेले. तुमच्या पुढच्या खोलीत काकांचे पक्षकार बसलेले असायचे, म्हणून मी बोळातल्या दारानं यायचे. ठेंगणं दार, वाकून आत गेलं की थेट स्वयंपाकघर. काकू मला तुझ्याच ताटात वाढायच्या. मी जेवायचे, तुझी वही उघडून गणित समजून घ्यायचे, आणि घरी जाताना मनात म्हणायचे, हिला एकदा तरी माझ्याहून कमी मार्क पडू देत. पडले नाहीत. माझा बी.ए.चा निकाल लागला त्याच आठवड्यात तुझी पुण्याची नोकरी लागली. बाबा पेढे घेऊन घरोघर गेले. लोक माझा पेढा तोंडात घालायचे आणि विचारायचे, शर्मिष्ठाला पगार किती मिळणार?

मार्चमध्ये मोजणीच्या आदल्या दिवशी शेवटची बैठक होती. त्याच्या दोन आठवडे आधी मी त्याच ओट्यावर सांगितलं होतं, आधी नळाचे पाईप नवे टाकून घेऊ, मग काँक्रीट, नाहीतर वर्षभरात रस्ता पुन्हा फोडावा लागेल. कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं. "वो नंतर पाहू," असं म्हणून विषय संपला होता. आणि त्या दिवशी काकू तुझं पत्र घेऊन आल्या. गल्लीसाठी म्हणून तू एक वेगळं पान लिहिलं होतंस. काकूंना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून त्यांनी ते माझ्या हातात दिलं. मी मोठ्यानं वाचलं. त्यात तेच होतं, शर्मिष्ठा. आधी पाईप, मग रस्ता. जवळजवळ माझेच शब्द. तुला मीच फोनवर सांगितलं होतं की नाही, ते मला आजही आठवत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. बंडूभाऊ म्हणाले, "याले म्हंतेत दिमाग." त्याच मिनिटाला पाईपांचं पक्कं झालं. आणि बाबा, माझे बाबा, पायरीवरून उठून म्हणाले, "पाह्य, एका चिठ्ठीनं काम झालं. शिकलेली पोट्टी अशी पाह्यजे."

मी हसले. पत्राची घडी घालून काकूंच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निगमचा मोजणीवाला आला. फीत एका टोकाला त्याच्या हातात, दुसऱ्या टोकाला माझ्या. आमचं घर चौदा फूट. बंडूभाऊंचं दोन्ही बाजूंनी मिळून एकोणचाळीस. तुमचं पुढून बावीस. मग आम्ही बोळात वळलो. तुमची बोळातली भिंत एक्कावन्न फूट आहे. तू पुण्याला गेलीस त्या वर्षी काकूंनी तिथलं दार काढून विटांनी बुजवून घेतलं होतं, काका आता नाहीत, एकट्या बाईला दोन दारं कशाला, म्हणून. वरून गिलावाही केलेला. फक्त खाली उंबऱ्याचा दगड तेवढा राहिला होता. मोजणीवाल्यानं तो पाहिला आणि विचारलं, "दीदी, इधर दरवाज़ा है क्या?" तो फीत गुंडाळायच्या तयारीत होता. त्याला माझा शब्द पुरेसा होता, कारण तोवर बंडूभाऊंच्या कूलरची गोष्ट त्यानं नाक्यावर ऐकली होती. मी म्हणाले, "है." एवढंच. त्यानं एक्कावन्न लिहिलं. मी माझ्याकडचं फितीचं टोक सोडलं.

मला वाटलं, काकू भांडायला येतील. किंवा तुला कळवतील, तू फोन करशील, आणि एकदा तरी तुझा आवाज माझ्यापुढे चढेल. तसं काही झालं नाही. पावती घेऊन मी गेले तेव्हा काकूंनी ती डोळ्यांशी नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. म्हणाल्या, "बोळाचे पण आहेत का गं? तू वाचून सांग." मी वाचून सांगितलं. तीन हजार साठ जास्तीचे. त्या आत गेल्या, कपाटातून पाकीट आणलं आणि माझ्याच हातून मोजून घेतलं. "तू केलंस म्हणजे बरोबरच असेल," म्हणाल्या. सही करताना पेन रेघेच्या बाहेर गेला. मी पाकीट घेऊन आले. मे महिन्यात पाईप पडले, जूनच्या सुरुवातीला काँक्रीट झालं, पहिल्या मोठ्या पावसात गल्लीत पाणी थांबलं नाही. नगरसेवकांनी नारळ फोडला, माझ्या गळ्यात हार घातला. बाबांनी तो हार तीन दिवस खुंटीवर ठेवला.

जुलैत एका सकाळी काकूंनी बोलावलं. बोळात गवंडी उभा होता, छिन्नी-हातोडा घेऊन. काकू म्हणाल्या, "पैसे भरले ना आपण दाराचे, मग दार पाहिजे. गिलाव्यावरून मला काही दिसत नाही गं. रूपाली, तुला तर नीट आठवतं. याला दाखव, कुठे होतं ते." त्यांच्या आवाजात काही नव्हतं. राग नाही, टोमणा नाही. त्यांना सगळं कळलं होतं की काहीच नव्हतं, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. मी भिंतीवर बोटानं चौकट काढून दाखवली. गवंड्यानं तिथेच पहिला घाव घातला. दुपारी माळ्यावर ठेवलेली दाराची जुनी फळी उतरवून बसवली. काकूंनी आतून कडी काढली, दार उघडून वाकून बाहेर पाहिलं आणि विचारलं, "येतेस का? भात टाकलाय." मी म्हणाले, काम आहे. आणि समोरच्या गल्लीनं पळत घरी आले.

तर हे तुझं उत्तर. काकूंनी मला दिलं ते पाकीट तू ऑपरेशनसाठी पाठवलेलं होतं. त्याच्यावर तुझ्या हातचं "आई, डोळ्यांसाठी" लिहिलेलं होतं, आणि मी ते वाचलं होतं, पैसे मोजायच्या आधीच. पुन्हा तुझ्याकडे मागायचं त्यांच्या स्वभावात नाही, म्हणून त्या "दिवाळीनंतर पाहू" म्हणतात. येत्या रविवारी गल्लीची बैठक आहे. तिथे मी वही उघडून सांगणार आहे की मोजणीच्या वेळी ती भिंतच होती, आणि दार मी सांगितलं. बाबा पायरीवर बसलेले असतील. लोक काय म्हणतील ते म्हणोत, निगमकडून पैसे परत मिळोत न मिळोत, शिकवणीचे साठवलेले माझ्याकडे आहेत. समता कॉलनीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांची २६ तारीख मी घेऊन आले आहे, काकूंना घेऊन मीच जाईन, त्या येतील तर. पण गल्लीच्या आधी तुला कळावं म्हणून आज हे टाकते. रविवारच्या आत मिळेल, असा अंदाज आहे. माझी बाजू घे, असं मी म्हणत नाही. बाबांचं ते वाक्य आठवलं की मला अजूनही तुझा राग येतो, हेही खरंच सांगते. दिवाळीला येशील तेव्हा पाहशील, काकू रोज सकाळी बोळातली कडी काढून ठेवतात, दुपारी जेवण होईपर्यंत लावत नाहीत. मी अजून एकदाही त्या दारानं आत गेलेले नाही. जाऊ की नको, तेवढं कळव.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
रूपाली