गिरानताईंच्या घरचा गोवर

३ मार्च
सामचॉक गावी पोहोचलो! खिडकी उघडली की समोर समुद्र. बोमीच्या बाबांची सिमेंट कारखान्यात बदली झाली तेव्हा मी तोंड फुगवून बसले होते, पण आज सामान लावताना चक्क गुणगुणत होते. बोमी नुकतीच पावलं टाकू लागलीय. रिकाम्या खोल्यांत आवाज घुमतो म्हणून ओरडत फिरली. संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या गिरानताई बटाट्याची गरम धिरडी घेऊन आल्या. सोबत त्यांची तीन वर्षांची सेब्योक. काय पोर आहे! गाल पीचसारखे. बोमीचं नाक वाहत होतं. मी घाईघाईने पुसलं.

१९ मार्च
इमारतीतल्या साऱ्या आया गिरानताईंच्या मागेपुढे असतात. सेब्योकला जन्मापासून एकही लस नाही. ‘शरीराला आपलं आपण शिकू द्या गं, सुया काय खुपसता?’ म्हणतात. मागच्या लसीनंतर बोमीला ताप आला होता हे ऐकून त्यांनी तिच्या डोक्यावरून असा हात फिरवला, जणू मीच तिला मारलं होतं. जेवताना बोमीचे बाबा म्हणाले, वरची मुलगी किती टवटवीत आहे. मग माझी काय शिळी आहे?

२ एप्रिल
बोमीला आज गोवराची लस टोचायची होती. गेले नाही. सासूबाईंचा फोन आला. गोवर होऊन गेला की त्यांच्या धाकट्या भावाचं नाव सरकारदरबारी नोंदवू, असं त्यांच्या वडिलांनी ठरवलं होतं. ते नोंदवायची वेळच आली नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, आई, तो काळ वेगळा होता. त्यांनी फोन ठेवला.
गिरानताईंनी मात्र सगळ्यांसमोर मला मिठी मारली. इमारतीतलीच दाएउनची आई बघतच राहिली. बघू दे.

२० एप्रिल
परदेशातून आलेल्या पाहुण्यामुळे सेब्योकला गोवर झाला. गिरानताई मुलांना घरी बोलावताहेत: एकदा होऊन गेला की आयुष्यभराची काळजी मिटली. पहिलं बोलावणं दाएउनच्या आईला! मला नाहीच. अंगाचा तिळपापड झाला. न बोलावता जाऊन बेल वाजवली. ‘अगंबाई, बोमीची आई! तुझ्या नाजूक पोरीला झेपेल का?’ म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मी बोमीला सेब्योकच्याच वाटीतलं सूप भरवलं. दाएउनची आई दाराशी घुटमळून परत गेली. भित्री.

१ मे
बोमीला शिंका, डोळे लाल. आला एकदाचा आमच्याही घरी! लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरची सूनबाई भेटली. ‘बघ, बोमीताई!’ म्हणत तिने आपलं पाच महिन्यांचं बाळ बोमीच्या तोंडाजवळ धरलं. मी काही बोलले नाही. लगेच वर जाऊन गिरानताईंना सांगायचं होतं.

६ मे
अंगभर पुरळ. ताप उतरत नाही. श्वास घेताना फासळ्या आत जातात. गिरानताई म्हणतात, औषध देऊन सगळं मातीत घालू नकोस. खाली सेब्योक झोक्यावर हसतेय. खिडकी लावून घेतली.
बोमीचे बाबा कामावरून आले आणि तिला उचलून इस्पितळात—

३० मे
बोमी वाचली. खालचं बाळ नाही.
त्याचं लस टोचायचं वय झालंच नव्हतं. आज त्याची आई जिन्यात भेटली. बोमी बरी आहे ना, विचारत होती. मी मान हलवली फक्त.

१४ सप्टेंबर
सात वर्षांनी ही वही उघडली. कुणाला सांगणार? बोमीच्या हातून चॉपस्टिक्स पडतात. तिच्या शिक्षिका म्हणतात, वर्गात लक्ष नसतं. येणारे पाढे विसरली. मी रागावले तिला.

९ ऑक्टोबर
चालता चालता झटके. डॉक्टर म्हणाले, गोवर गेलाच नव्हता. मेंदूत दबून बसला होता. क्वचितच होतं असं, पण अगदी लहानपणी गोवर झालेल्यांना जास्त. उपाय विचारला. त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसतच राहिले.

२१ ऑक्टोबर
गिरान म्हणाली, योगायोग असतो गं. तिच्या मागे सेब्योक दप्तर घेऊन उभी. उंच झालीय. तोच गोवर. तीच वाटी. मग तिला का नाही—
रोज खिडकीतून बघते. तिचा हात थरथरतो का. एकदा तरी अडखळू दे. एकदाच—
मी हे काय लिहितेय.

३ नोव्हेंबर
भिंत धरून चालते. शब्द जाताहेत. पाणी. चप्पल. काल स्वतःचं नाव—

१७ नोव्हेंबर
आज मला ‘बाई’ म्हणाली. बाई, माझी आई कुठे गेली?
मी म्हटलं, मीच गं बोमी, मीच—
हसली. ओळखून नाही. अनोळखी माणसाकडे बघून हसावं तसं—
पुन्हा झटका— या वेळी थांबत नाही— डोळे— बोमी, इकडे बघ, माझ्याकडे—