नांगरावरची पेंढी

डाकोटा, जानेवारी

आई,

तुझ्या गुनवोरचा नमस्कार. आम्ही दोघंही बरे आहोत, आधी एवढं वाच आणि मग डोळे पूस.

मातीच्या ढेकळांचं घर उबदार आहे. छतातून माती गळते तेव्हा लापशीवर ताट झाकते, एवढंच. इथे झाड म्हणून नाही. वाळल्या गवताचे पीळ करून चुलीत घालते. हात भेगाळलेत, म्हणून अक्षर असं आलंय.

नाताळच्या आदल्या दिवशी तुझ्या जावयानं, तार्येईनं, तिकडे आपल्याकडे करतात तशी, पाखरांसाठी ओटच्या कणसांची पेंढी बांधली. खांब कुठला इथे? नांगराच्या दांड्यालाच.

मी चिडले. "गाईच्या बरगड्या दिसतायत आणि तू पाखरांना जेवू घालतोस?"

"पाखरं जमली की वर्ष चांगलं जातं. तुझी आईच म्हणते ना?"

दिवसभर एकही पाखरू फिरकलं नाही. सकाळी तो उठायच्या आत मी पेंढी सोडून गाईला घातली आणि त्याला सांगितलं, "थवेच्या थवे आले होते, सगळं फस्त केलं."

तो दारात उभा राहून बराच वेळ बघत होता. बर्फात नांगरापासून गोठ्यापर्यंत फक्त माझी पावलं उमटली होती. ती पुसायचं मला सुचलंच नव्हतं.

मग आत येऊन म्हणाला, "भरपूर आलेली दिसतात गं. गहू चांगला होणार."

बाबांचा खोकला कसा आहे? तुमच्या पेंढीवर किती पाखरं आली तेही कळव. थोडी जास्तच लिही. त्याला वाचून दाखवायचंय.

तुझीच,
गुनवोर