पिवळा टॉवेल

दि. ४ मार्च

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. माझी तब्येत उत्तम. हवा नेहमीचीच, म्हणजे सकाळी उकडतं, दुपारी भाजतं आणि संध्याकाळी उगाच एक सर येऊन वाळत घातलेले कपडे भिजवून जाते. सूनबाईचा खोकला थांबला हे बरं झालं. तिला म्हणावं, मेट्रन मावशीने सांगितलंय, झोपताना पंखा थेट अंगावर घ्यायचा नाही.

तू विचारलंयस ते वाचलं. "ताई, सरळ सांग, मी तुझ्याकडे राहायला येऊ का? तुला खरंच हवी असेन तर येते, नाहीतर या वयात माझे गुडघे आणि विमानाच्या पायऱ्या यांची गाठ कशाला घालायची?" प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर शेवटी देते, कारण आधी महत्त्वाची बातमी. इथे युद्ध पेटलं आहे.

आमच्या इमारतीमागे पोहण्याचा तलाव आहे हे तुला माहीत आहे. सावली त्याच्या एकाच काठाला, आणि त्या सावलीत पाय पसरून बसायच्या थोड्या खुर्च्या. इमारतीत बहुतेक सगळे माझ्यासारखेच. नोकरीसाठी परक्या देशांतून आले, निवृत्त झाले, आणि आता परत कुठे जायचं म्हणून इथेच राहिले. एकमेकांची भाषा कुणालाच धड येत नाही, पण बोलायची हौस दांडगी. कुणाची साखर वाढली, कुणाच्या मुलाचा फोन आला नाही, कुणाचा डॉक्टर गाढव आहे, हे सगळं त्या खुर्च्यांवर ठरतं. ज्याला खुर्ची नाही तो समाजातून उठला.

आणि ही मंडळी काय करतात? उजाडता उजाडता खाली येतात, खुर्चीवर टॉवेल टाकतात आणि वर जाऊन पुन्हा झोपतात. मी न्याहारी करून पुस्तक घेऊन जाते तर खुर्च्या सगळ्या रिकाम्या आणि बसायला जागा नाही. सगळ्यात मोठा गुन्हेगार कॅप्टन. एकेकाळी जहाजावर होता, आता इमारतीच्या कमिटीचा अध्यक्ष आहे. एकटा जीव, टॉवेल चार.

"कॅप्टन, तुम्हाला शरीरं किती?" मी विचारलं.

"एकच, मेट्रनबाई. पण सावली सरकते, तिच्याबरोबर मीही सरकतो."

धाकटे, मी आयुष्यभर इतिहास वाचला तो काय उशाला घ्यायला? साम्राज्यं अशीच उभी राहतात. आधी एक फडकं टाकायचं, मग म्हणायचं ही जागा आमची, आणि मग तिथे बसायला आलेल्यालाच विचारायचं, तू कोण? मी तिथेच उभी राहिले आणि बोलले. खुर्ची बसणाऱ्याची आहे, टॉवेलाची नाही. आवाज अजून शाबूत आहे. कुणीतरी बुडालं असं समजून गेटवरचा वॉचमन धावत आला, आणि आलाच आहे तर म्हणून शेवटपर्यंत थांबला.

ऐकणाऱ्यांत घड्याळजीही होते. हे घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून हे नाव. बारीक चणीचा, पुटपुटत बोलणारा माणूस. रोज आपल्या खुर्चीवर बसतात आणि शेजारच्या खुर्चीवर एक पिवळा टॉवेल घालून ठेवतात. मी त्यांच्याकडे बघून आवाज आणखी चढवला. त्यांनी टॉवेलाची एक सुरकुती सारखी केली.

रविवारी सभा आहे. माझा ठराव तयार आहे.

कागद संपत आला. तुझ्या प्रश्नाबद्दल एवढंच, तू स्वतंत्र बाई आहेस, तुझा निर्णय तू घे. मी काही इथे कुढत बसलेली नाही. सवड होईल तेव्हा ये, घाई नाही. आणि पत्राखाली 'तुझी वाट पाहणारी' असं लिहिणं बंद कर. बायकांनी जन्मभर वाटच पाहिली म्हणून तर ही अवस्था आहे. यावर मी हॉस्पिटलच्या गेटवर नर्सेसपुढे केलेलं भाषण तुला पाठ असेल.

तुझी, स्वतःच्या पायांवर उभी,
ताई


दि. २६ मार्च

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. भाच्याला बढती मिळाली हे वाचून आनंद झाला. आता तरी त्याने पोट कमी करावं.

ठराव मंजूर. विरोधात एकच हात, कॅप्टनचा. तोही अर्धाच वर, कारण त्याचा खांदा धरला आहे. खुर्चीवर वस्तू टाकून जागा अडवता येणार नाही, टाकलेली वस्तू वॉचमन उचलून नेईल. दुसऱ्याच सकाळी त्याने टॉवेलांचं गाठोडं बांधून नेलं, धोब्यासारखं. मी वरून पाहत होते. संप जिंकल्यावर व्हायचं तसं झालं मला.

समता आली आहे. तिचे काही बारीकसारीक त्रास असतात, ते सोसावे लागतात. टॉवेल टाकता येत नाही म्हणून आता सगळे जातीने उजाडता येऊन बसतात आणि उठत नाहीत. चहाला उठत नाहीत, औषधाला उठत नाहीत. कॅप्टन परवा नैसर्गिक कारणासाठी उठला आणि परत येईतो त्याची खुर्ची गेली. तेव्हापासून तो पाणीच पीत नाही. मी त्याला मेट्रन म्हणून झापलं.

"पाणी प्या. किडन्यांची वाट लागेल."

"किडन्या तुमच्या ठरावात येतात का, मेट्रनबाई?" तो म्हणाला.

गप्पाही पूर्वीइतक्या होत नाहीत. शेजारचा कधी उठतो यावर प्रत्येकाचा डोळा. पण हे होईल कमी.

मलाही छान जागा मिळाली, घड्याळजींच्या शेजारची, जिथे पिवळा टॉवेल असायचा. तिथे सावली सगळ्यात जास्त वेळ टिकते. परवा तिथे एक किरकोळ गोष्ट घडली, ती लिहिण्यासारखी नाही. घड्याळजी हल्ली खाली येत नाहीत. येतील.

तू लिहिलंयस, "ताई, मी प्रश्न विचारला होता, तू भाषण पाठवलंस." हे वाक्य चांगलं आहे, तुझ्या हातून कसं लिहिलं गेलं कोण जाणे. माझं उत्तर असं की पाहुण्यांच्या खोलीचा पंखा कुरकुरतो, आणि खिडकीतून संध्याकाळचं ऊन येतं. पडदा लावला आहे म्हणा. नवी उशीही आणली, पण ती दुकानात जोडीनेच मिळत होती म्हणून. तू सगळं सवडीने ठरव. माझी काही अडचण नाही.

तुझी विजयी,
ताई


दि. ३० एप्रिल

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद.

यावेळी तुझं पत्र आलं नाही. मी दोनदा खाली जाऊन पेटी बघितली. असो.

ती किरकोळ गोष्ट लिहिते.

त्या दिवशी मी पिवळ्या टॉवेलाच्या जागी बसून वाचत होते. पाय पसरलेले, पुस्तक जाड, त्यात नेमके राजाला पकडायला लोक निघालेले. घड्याळजी एकदम उभे राहिले. मला वाटलं, जागा सोडून चालले. मान वर केली तेव्हा काठी टेकत परत जिन्याकडे वळणारी एका बाईची पाठ दिसली, आणि तिच्यामागे धावणारे घड्याळजी. मी पान उलटलं.

वॉचमनने नंतर सांगितलं. ती त्यांची बायको. कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून घराबाहेर पडलीच नव्हती. पडायची भीती बसली होती. ती कधी यावंसं वाटून खाली आली आणि बसायला जागा नाही असं व्हायला नको, म्हणून तो टॉवेल. इतक्या महिन्यांनी ती त्या दिवशी आली. आणि धाकटे, सारा जन्म वॉर्डात काढलेली मी, काठी घेऊन समोर उभी असलेली पेशंट मला दिसली नाही.

मी कॅप्टनला गाठलं. म्हटलं, ठरावाला दुरुस्ती सुचवते, ज्याला कुणाची वाट पाहायची आहे त्याने एक टॉवेल टाकावा.

"मंजूर," तो म्हणाला. "मला चार मित्रांची वाट पाहायची आहे."

"ते कुठे आहेत?"

"दोन वारले, दोन बोलत नाहीत. वाट पाहायला काय हरकत आहे?"

मी दुरुस्ती तिथेच मागे घेतली. तुझ्या ताईने माघार घेतली, हे कुणाला सांगू नकोस.

मग मी घड्याळजींच्या घरी गेले. माफीचं भाषण जिन्यातच जुळवलं होतं, इतिहासातल्या दाखल्यांसकट. दार बायकोने उघडलं. मी उंबऱ्यातूनच सुरुवात केली.

"आधी बसा," ती म्हणाली. "आमच्या घरात खुर्च्या भरपूर आहेत."

बसले. तिने मला खिडकी दाखवली. तिथून तलावाचा काठ सरळ दिसतो.

"तो टॉवेल मला इथून दिसायचा. रोज सकाळी बघायचे आणि म्हणायचे, जागा आहे ना, मग उद्या जाऊ. असे किती दिवस गेले. मग एके दिवशी टॉवेलच दिसेना. वाटलं, यांनीही आशा सोडली. काठी घेतली आणि निघाले."

"आणि खुर्चीवर मी."

"तुम्ही. तोंडासमोर केवढं पुस्तक."

"मला उठवायचं की मग."

"तुमचं भाषण यांनी मला सगळं सांगितलं होतं. म्हटलं, बसणाऱ्याची खुर्ची. पटलं होतं मला."

घड्याळजी चहा ओतत होते. ते कपाकडे बघत म्हणाले, "मी कधी हिला येतेस का असं विचारलं नाही. तिच्यावर ओझं नको. टॉवेल तेवढा टाकायचो."

"एकदा नुसतं 'चल' म्हणाला असतात," ती म्हणाली, "तर कुरकुर केली असती आणि आले असते."

मी चहा पिऊन घरी आले आणि पाहुण्यांच्या खोलीत जाऊन बसले. तिथे दोन नव्या उशा आहेत, पडदा आहे, आणि पंखा मी कधीच दुरुस्त करून घेतला आहे, तो आता कुरकुरत नाही. हे मी तुला लिहिलं नव्हतं. मी काय लिहिलं होतं? सवडीने ये. घाई नाही. माझी काही अडचण नाही.

दुसऱ्या सकाळी मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, चला. तिने कुरकुर केली. मग माझ्या दंडाला धरून एकेक पायरी उतरली, दुखऱ्या बाजूचा पाय आधी, मी शिकवला तसा. काठावर सगळ्या खुर्च्या भरलेल्या. कुणी हलेना. मी तोंड उघडणार, इतक्यात कॅप्टन उठला, पिवळ्या टॉवेलाच्या जागेवरून, आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"सावली सरकली, मेट्रनबाई," तो म्हणाला. सावली जागच्या जागी होती.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दिवसभर मी काठावर बोलते. वर आल्यावर बोलायला कुणी नाही, म्हणून वर्तमानपत्र मोठ्याने वाचते, बाजारभावासकट. भाषण करण्यासारखं यात काही नाही. तू हवी आहेस. ये. सवडीने नको, गुडघ्यांना विचारून नको, पुढच्या महिन्यात ये. विमानाच्या पायऱ्या मी खाली उभी राहून उतरवून घेईन. तिथे आत सोडत नाहीत म्हणतात, ते मी बघते.

तुझ्यासाठी टॉवेल टाकता येणार नाही, ठराव माझाच आहे. पण उजाडता खाली जाऊन मी दोन खुर्च्यांवर आडवी पडेन. कॅप्टनने विचारलं शरीरं किती, तर सांगेन, दोन. दुसरं वाटेत आहे.

तुझी वाट पाहणारी,
ताई